हाडाच्या सलाईनआधी तोंड कोण बघणार?



गेल्या पावसाळ्यात कल्याण पूर्वेतल्या एका वस्तीत, विहाराच्या व्हरांड्यात आम्ही बीपी आणि शुगर तपासायला बसलो होतो. रांग संपत आल्यावर एक मावशी आली. तोंडाला पदर लावलेला. म्हणाली, "सिस्टर, बीपीचं राहू द्या. दाताचं मूळ आत ऱ्हायलंय, तेवढं बघा की वो."

मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलं. खालच्या जबड्यात जिथून दाढ काढली होती तिथे हिरडी भरून आलीच नव्हती. करंगळीच्या नखाएवढं काहीतरी पिवळट, खरबरीत उघडं पडलं होतं. जीभ लागली की टोचत होतं. ते मूळ नव्हतं, जबड्याचं हाड होतं. दाढ काढून अकरा आठवडे झाले होते.

या अकरा आठवड्यांत मावशी त्याच दवाखान्यात दोनदा जाऊन आली होती. "मूळ राहिलंय" म्हणून एकदा पुन्हा कोरूनही झालं होतं. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. तोंडाला वास येतो म्हणून ती घरात सगळ्यांची जेवणं झाल्यावर एकटी जेवायला बसायची. नातू जवळ आला की तोंड फिरवायची. शेजारणींनी सरळ "काळी बुरशी" म्हणून मोकळं केलं होतं. २०२१ साली कोविडनंतर म्युकरमायकोसिसने लोकांचे वरचे जबडे काढावे लागले, ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण ही बुरशी नव्हती.

"आणखी कसलं औषध चालू आहे?" आम्ही विचारलं.

"औषध न्हाई. म्हैन्याला एक सलाईन घेते. ताकदीचं."

ताकदीचं सलाईन म्हटल्यावर आमच्या पोटात गोळा आला. मुलीला घरी पाठवून फाइल मागवली. मावशीचं चार वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. दोन वर्षांपूर्वी तो मणक्यात उतरला. तेव्हापासून दर महिन्याला झोलेड्रोनिक ॲसिड, ४ मिलिग्रॅम. फाइलमध्ये रक्ताचे रिपोर्ट होते, स्कॅन होते, बिलं होती. तोंड तपासल्याची एक ओळही नव्हती.

दाताच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं, बीपी आहे का, शुगर आहे का. तिने नाही म्हटलं. खरंच सांगितलं. सलाईनबद्दल त्यांनी विचारलं नाही, आणि सलाईनचा दाताशी काही संबंध असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. सलाईन देणाऱ्यांनी तोंड बघितलं नाही आणि तोंड बघणाऱ्यांनी सलाईनचं विचारलं नाही. मावशी मात्र दोन्हीकडे पैसे भरून आली.

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमचं सांगतो. आम्ही नर्सिंगच्या नोकरीत असताना हेच सलाईन कित्येक बायकांना स्वतःच्या हाताने लावलं आहे. लावण्याआधी शीर बघायची, किडनीचा रिपोर्ट बघायचा, बाटली पंधरा मिनिटांच्या आत संपू द्यायची नाही, ताप येऊ शकतो हे सांगायचं. एवढं सगळं चोख करायचो. "आजी, तोंड उघडा, एखादा दात हलतोय का, काढायचा आहे का?" हे एकदाही विचारलं नाही. आम्ही जीएनएमची परीक्षा दिली तेव्हा हा आजार पुस्तकात नव्हता. जगातल्या डॉक्टरांनीच तो पहिल्यांदा २००३ साली नोंदवला. अमेरिकेत मायामीला रॉबर्ट मार्क्स नावाच्या जबड्याच्या सर्जनने अशा ३६ रुग्णांची नोंद छापली. पण त्यानंतर आम्ही बरीच वर्षं वॉर्डात होतो. औषधाच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावर ही सूचना यायला लागली होती. तो कागद आम्ही खोक्यासकट कचऱ्यात टाकत होतो.

आता हे होतं कसं, ते समजून घेऊ. आपल्याला वाटतं हाड म्हणजे दगड. तसं नाही. हाड रोज थोडं मोडतं आणि रोज थोडं बांधलं जातं. त्यात जुनं हाड पोखरून साफ करणाऱ्या पेशी असतात आणि नवं बांधणाऱ्या पेशी असतात. पाळी गेल्यानंतर पोखरणाऱ्या पेशींचा जोर वाढतो आणि हाड ठिसूळ होतं. कॅन्सर हाडात उतरला की तो याच पेशींना चेतवून हाड खायला लावतो. अॅलेंड्रोनेट, रायझेड्रोनेट, आयबँड्रोनेट, झोलेड्रोनिक ॲसिड ही बिसफॉस्फोनेट घराण्यातली औषधं हाडात जाऊन चिकटतात आणि त्या पोखरणाऱ्या पेशींना निकामी करतात. डेनोसुमॅब नावाचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन वेगळ्या वाटेने तेच काम करतं. हाड टिकतं, फ्रॅक्चर टळतं. औषध चांगलं आहे.

पण जबड्याचं हाड बाकीच्या हाडांसारखं झाकलेलं नसतं. वर पातळ हिरडी, आणि हिरडीतून दात बाहेर आलेले. दिवसभर चावण्याचा दाब, आणि तोंडात जंतूंची वस्ती. दात काढला की आत हाडाची उघडी जखम होते. एरवी तिथली मेलेली किनार त्या पोखरणाऱ्या पेशी साफ करतात, मग नवं हाड आणि हिरडी येते. साफ करणाऱ्या पेशीच निकामी असतील तर ती किनार तशीच राहते, जंतू बसतात आणि हाड मरत जातं. डॉक्टर याला आजार कधी म्हणतात? हे औषध चालू असेल किंवा पूर्वी घेतलेलं असेल, जबड्याला कॅन्सरचा शेक दिलेला नसेल, आणि हाड आठ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं असेल, तेव्हा. आठ आठवडे हे नाव देण्यापुरते. दाखवायला जायला आठ आठवडे थांबायचं नसतं.

जबडा कुजण्याची गोष्ट तशी जुनी आहे, आणि ती कामगारांची आहे. लंडनच्या बो भागात ब्रायंट अँड मे या काडेपेटीच्या कंपनीत बायका आणि पोरी पांढऱ्या फॉस्फरसच्या वाफेत काम करायच्या. आधी दात दुखायचा, मग काढावा लागायचा, मग जखम भरायची नाही, मग जबडा सडायचा आणि वास यायचा. ज्यांचे दात आधीच किडलेले त्यांना धोका जास्त, हे तेव्हाच्या डॉक्टरांच्याही ध्यानात आलं होतं. दंड, तुटपुंजी मजुरी आणि दडपशाही यांविरुद्ध या कंपनीतल्या सुमारे चौदाशे मुली आणि बायकांनी जुलै १८८८ मध्ये संप केला. पुढे भारतात आलेल्या ॲनी बेझंट यांनी त्याआधी त्यांच्या हालाखीवर लिहिलं होतं. १९०६ साली बर्न शहरात पांढऱ्या फॉस्फरसवर बंदीचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि आपल्या देशात १९१३ साली त्यासाठी कायदा आला. अंबरनाथची विमकोची काडेपेटी कंपनी आपल्या पट्ट्यातल्या जुन्या कामगारांना आठवत असेल. ती या कायद्यानंतरची, सेफ्टी काडेपेटीची. तिथल्या मजुराला ते जबड्याचं दुखणं भोगावं लागलं नाही, त्यामागे दूरदेशच्या त्या बायकांचा लढाही आहे.

तेव्हाचा फॉस्फरस हे विष होतं. आजचं औषध विष नाही. हा फरक आम्ही मुद्दाम ठळक सांगतो, कारण मावशीची बातमी वस्तीत पसरल्यावर जे झालं ते आम्हाला जास्त भिववून गेलं.

चारच दिवसांत पलीकडच्या गल्लीतल्या एका काकूंनी आठवड्याला एक घ्यायच्या हाडाच्या गोळ्या बंद केल्या. वय अडुसष्ट. आधीच्या वर्षी नळावर घसरून मनगट मोडलेलं. दुसऱ्या एका बाईने कॅल्शियमच्या गोळ्या मोरीत टाकल्या. तिसरीने डी-३ ची पावडर शेजारणीला देऊन टाकली. "जबडा सडतो म्हणे." आम्ही घरोघर फिरून सांगत होतो, पण भीती आमच्याआधी पोचलेली असायची.

म्हणून आधी हे नीट वाचा, आणि घरातल्या ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. कॅल्शियमच्या गोळीने हे होत नाही. डी-३ ने होत नाही. त्या चालू असतील तर चालू ठेवा. हाडांची झीज थांबवायला आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅमचं सलाईन घेणाऱ्यांत हा त्रास फार क्वचित होतो. गोळी घेणाऱ्या दहा हजारांत साधारण दोन ते पाच जणांना. याउलट खुब्याचं हाड मोडलं की म्हातारं माणूस अंथरुणाला खिळतं आणि पुष्कळदा त्यातून उठतच नाही. ते आपण प्रत्येक वस्तीत बघितलेलं आहे. मावशीसारखं कॅन्सरसाठी दर महिन्याला ४ मिलिग्रॅम घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. औषध तेच, पण वर्षभरात शरीरात जातं दहापट. तिथे धोका शंभरात पाचपर्यंत जाऊ शकतो. तरी त्यांच्यासाठीही ते औषध मणका मोडण्यापासून वाचवणारं आहे. डेनोसुमॅब तर स्वतःच्या मनाने थांबवणं फार वाईट. ते दर सहा महिन्यांनी असतं, तारीख चुकवली की हाडाची झीज एकदम उसळते आणि मणक्याची फ्रॅक्चरं होऊ शकतात. औषध बंद करायचं का, किती दिवस, हे हाडाचे किंवा कॅन्सरचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचं.

त्या अडुसष्ट वर्षांच्या काकूंची गोळी आम्ही पुन्हा चालू करून घेतली, पण त्याला दीड महिना गेला. त्यांच्या डॉक्टरांकडे सोबत गेलो, तेव्हा त्यांनीही प्रामाणिकपणे सांगितलं की दाताचं विचारायचं राहूनच जातं.

राहून जातं, इथेच आमचं भांडण आहे. हा आजार दुर्मिळ आहे म्हणून त्याबद्दल बोलायचं नाही, असं मोठ्या दवाखान्यांतून ऐकायला मिळतं. दुर्मिळ कोणासाठी? ज्याच्या घरी सहा महिन्यांनी दात साफ करून घ्यायची पद्धत आहे, दात किडला तर रूट कॅनाल करायला पैसे आहेत, आणि फॅमिली डॉक्टरकडे सगळे कागद एका जागी आहेत, त्याच्यासाठी दुर्मिळ. आपल्या वस्तीतलं तोंड बघा. मिश्री. आपल्या आया-बहिणी सकाळी चुलीपाशी बसून मिश्री लावतात, काही जणी दिवसातून चार-पाच वेळा. पुरुषांचा गुटखा आणि तंबाखू. हिरड्या आतून सडलेल्या, चाळिशीत दात हलायला लागलेले. रूट कॅनालला हजारो रुपये, काढायला काही शे. म्हणून आपल्याकडे दात वाचवत नाहीत, काढतात. आणि या औषधावर असलेल्या माणसात जबड्याचं हाड उघडं पडायला सगळ्यात जास्त निमित्त होतं ते दात काढण्याचंच.

त्यात शुगर. शुगर ताब्यात नसेल तर जखम भरत नाही आणि हा धोकाही वाढतो. बाबासाहेबांनी शेवटची वर्षं मधुमेहाशी झगडत काढली, हे आपण दर ६ डिसेंबरला ऐकतो, पण स्वतःची शुगर तपासायला रांगेत उभे राहत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. गुडघेदुखी-कंबरदुखीवर नाव नसलेल्या कागदी पुड्या देणारे लोक आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. पुडी घेतली की दुसऱ्या दिवशी बाई कामावर जाते, म्हणून त्यांच्याकडे गर्दी. अशा पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड महिनोन्महिने पोटात गेलं की हाड ठिसूळ होतं, शुगर वाढते आणि जखमा भरायला उशीर लागतो. म्हणजे पुडीने हाड पोकळ करायचं, मग हाडासाठी गोळी घ्यायची, आणि मग दात काढल्यावर त्याच पुडीमुळे जबड्याचा धोका वाढवायचा. डोंबिवलीतल्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला "पुडी खाऊ नका" सांगणं सोपं आहे. तिला एक दिवसाची सुट्टी कोणी देत नाही.

मराठवाड्यातून आलेल्या आपल्या भगिनींमध्ये तर तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या कितीतरी जणी भेटतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली की पाळी जाण्याच्या सगळ्या तक्रारी एकदम येतात आणि हाडांची झीज पंधरा-वीस वर्षं आधी सुरू होते. या बायका पन्नाशीत हाडाच्या डॉक्टरकडे पोचतात. गोळ्या आणि इंजेक्शनं पुढे वर्षानुवर्षं त्यांनाच घ्यावी लागणार आहेत.

आणि कागद. पावसात घरात पाणी शिरलं की आधी गॅस, धान्य आणि पोरांची दप्तरं वर चढतात. फाइल राहते. बिसफॉस्फोनेट हाडात चिकटून वर्षानुवर्षं राहतं. अॅलेंड्रोनेट तर दहा वर्षांनीही पूर्ण निघून जात नाही. म्हणजे पाच वर्षांपूर्वी बंद केलेल्या गोळीचंही दाताच्या डॉक्टरला सांगावं लागतं, आणि आपल्याकडे गेल्या महिन्याची चिठ्ठी सापडत नाही. अमेरिकेत या दुखण्यावरून हजाराहून जास्त लोक कोर्टात गेले. अॅलेंड्रोनेट बनवणाऱ्या मर्क कंपनीने २०१३ साली बाराशेच्या आसपास दावे मिटवण्यासाठी २ कोटी ७७ लाख डॉलर द्यायची तयारी दाखवली. त्या लोकांच्या हातात कागद होते. मावशीने काय घेतलं हे सिद्ध करायला मुलीने जपलेली एक फाइल होती, म्हणून निदान तरी झालं.

आता आपल्याच घरातलं बोलायचं. १४ एप्रिलला आपण आरोग्य शिबिरं घेतो. आम्हीही घेतली आहेत. दंततपासणीचा टेबल असतो, आणि संध्याकाळी स्टेजवरून सांगतात, आज इतक्या जणांचे दात मोफत काढले. टाळ्या. तो आकडा पुढच्या वर्षीच्या बॅनरवर जातो. एका वर्षी तो आकडा आम्हीच माईकवर वाचून दाखवला होता. त्या दिवशी ज्यांचे दात निघाले त्यांच्यापैकी कोण हाडाच्या गोळीवर होतं, कोण कॅन्सरचं होतं, आम्हाला माहीत नाही. फॉर्मवर नाव, वय, पत्ता आणि मोबाइल नंबर होता. दुसऱ्या दिवशी मंडप उतरला, डॉक्टर गेले. जखम भरली का, हे बघायला कोणीही परत गेलं नाही. आमचं मत आता स्पष्ट आहे. ज्या शिबिरात पंधरा दिवसांनी जखम बघायची सोय नाही, त्या शिबिरात दात काढू नयेत. तपासावेत, साफ करावेत, चिठ्ठी द्यावी. मंडळाच्या कार्यकर्त्यांना हे आवडत नाही. "ताई, मग लोक येणार कशाला?" असं विचारतात. कमी लोक येतील, येऊ द्या.

हाडाचं औषध सुरू व्हायचं असेल तर सुरू होण्याआधी तोंड दाखवून घ्यायचं. जमलं तर पूर्ण जबड्याचा एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, तो काढून घ्यायचा. जे दात काढावेच लागणार आहेत ते आधी काढायचे आणि हिरडी भरून येईपर्यंत, साधारण दोन-तीन आठवडे, डॉक्टरांची परवानगी असेल तर पहिला डोस थांबवायचा. कॅन्सरमध्ये कधी थांबायला वेळ नसतो, ते डॉक्टर सांगतील. कवळी टोचत असेल तर घासून घ्यायची, कारण कवळीच्या जखमेतूनही हाड उघडं पडतं. औषध चालू झाल्यावर दात साफ करणं, सिमेंट भरणं, रूट कॅनाल यांना भ्यायचं कारण नाही. उलट दात काढण्यापेक्षा तेच बरं. काढण्यावाचून गत्यंतर नसेल तर डॉक्टरला आधी सांगून, त्यांच्या देखरेखीखाली काढता येतो. मिश्री सोडायची. हे सांगताना आम्हाला आमची आई दिसते, तिने शेवटपर्यंत सोडली नाही. पण सांगणं भाग आहे.

दात काढल्यावर दोन-तीन आठवड्यांत खड्डा भरत नसेल, आत काही कडक लागत असेल, पू किंवा वास येत असेल, शेजारचे दात अचानक हलायला लागले असतील, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर झाली असेल, तर दुखत नसलं तरी जायचं. सुरुवातीला पुष्कळांना दुखतच नाही, त्यामुळे वेळ जातो. लवकर गेलं तर तोंड धुवायचं औषध, अँटिबायोटिक आणि सैल झालेला तुकडा काढणं एवढ्यावर भागू शकतं. उशीर झाला तर जबड्याचा भाग कापावा लागतो.

कुठे जायचं? ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय इथे आधी दाखवून चिठ्ठी घ्या. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या रुग्णालयांचे नियम वेगळे, तिथे केसपेपरच्या खिडकीवर विचारा. जबड्याच्या सर्जनची गरज लागली तर सीएसएमटी स्टेशनजवळ, सेंट जॉर्जेस हॉस्पिटलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, आणि मुंबई सेंट्रलला नायर दंत महाविद्यालय आहे. नवी मुंबईतल्या दंत महाविद्यालयांतही खाजगी दवाखान्यापेक्षा कमी पैशांत काम होतं. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने नेरूळला जाता येतं. ज्यांच्या घरात कोणी कंपनीत कामाला आहे आणि ईएसआयचं कार्ड आहे, त्यांनी वागळे इस्टेटच्या किंवा उल्हासनगरच्या कामगार रुग्णालयात जावं. बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ साली अदारकर यांना कामगारांच्या आरोग्य विम्याचा आराखडा करायला नेमलं गेलं आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा आला. ते कार्ड कपाटात ठेवून खाजगीत पैसे भरणारी घरं आम्ही रोज बघतो.

आणि तक्रार नोंदवा. औषधाचा दुष्परिणाम झाला तर तो सरकारकडे कळवायची सोय आहे. १८००-१८०-३०२४ हा फार्माकोव्हिजिलन्सचा मोफत नंबर आहे आणि रुग्णाने स्वतः फोन केला तरी चालतो. हा फोन भरपाईसाठी नाही. आपल्या वस्तीतला आजार कुठल्या आकड्यात दिसतच नाही, आणि दिसत नाही म्हणून "दुर्मिळ" ठरतो, त्यासाठी आहे.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकांकडे आमची मागणी साधी आहे. पैसे लागणारी नाही. दाताच्या ओपीडीच्या केसपेपरवर एक ओळ छापा: "हाडाची गोळी, इंजेक्शन किंवा सलाईन कधी घेतलं आहे का?" आणि हाडांच्या ओपीडीच्या केसपेपरवर दुसरी ओळ: "दात तपासले का?" शिक्का मारला तरी चालेल. खाजगी दवाखान्यांनाही हेच सांगणं आहे. आणि वॉर्डातल्या सिस्टर मंडळींना, ज्या आमच्याच आहेत, त्यांना विनंती की डॉक्टरच्या सहीची वाट बघू नका. सलाईन लावण्याआधी तोंड उघडायला सांगायला ऑर्डर लागत नाही.

तोवर आपल्या विहारात आम्ही एक शंभर पानी वही ठेवली आहे. ज्यांच्या घरी हाडाचं औषध चालू आहे किंवा पूर्वी होतं त्यांनी नाव, औषध आणि सुरू झाल्याची तारीख लिहायची. लिहिता येत नसेल तर रिकामं पाकीट आणायचं, आम्ही लिहून घेतो. आतापर्यंत एकोणीस नावं आली आहेत. त्यातल्या सहा जणींना आपण कसलं औषध घेतो हे ठाऊकच नव्हतं.

मावशीच्या जबड्यातला मेलेला तुकडा चौथ्या महिन्यात सैल झाला आणि मुंबईच्या डॉक्टरांनी काढला. कॅन्सरच्या डॉक्टरांनी सलाईन सध्या थांबवलंय, पुढचं स्कॅन बघून ठरवणार आहेत. हिरडी निम्मी भरली आहे. ती भाकरी कालवणात भिजवून खाते, पण आता सगळ्यांबरोबर बसून खाते. पुढची तारीख महिनाअखेरीस आहे. सकाळी सव्वासातच्या लोकलने आम्ही सोबत जाणार आहोत, आणि फाइल या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत आहे.